घाणेरी हटेल; पण रान परतेल का?

कोयनानगर - सह्याद्रीच्या जंगलात वाघ परत आणण्याची भाषा अनेक वर्षे होत होती. आता ती प्रत्यक्षात उतरू लागली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातील स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघाची छबी टिपली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाहून एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली. या घटनांचे स्वागत झाले, ते योग्यच होते. मात्र वाघ आणणे आणि वाघ टिकणे यांत मोठे अंतर आहे. वाघाला सांबर, भेकर, गवा हवा. सांबर-गव्याला गवत आणि कोवळा पाला हवा. पडीक खाचरे, रस्त्याच्या कडा आणि विरळ झालेले रान येथे या चाऱ्याची जागा घाणेरी आणि रानमोडी या परक्या झुडपांनी घेतली, तर वाघासाठी केलेला सारा खटाटोप पायाशीच डळमळेल.

त्यामुळे परकी झुडपे काढून मूळ रान पुन्हा उभे करणे, हा केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जिव्हाळ्याचा विषय राहिलेला नाही. कोयनेच्या खोऱ्यात तो वन्यजीव, धरण आणि माणसे या तिन्हींशी जोडलेला आहे.

पाहुणे कोठून आले?

घाणेरी, म्हणजेच टणटणी, मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात लावली गेली आणि तेथून देशभर पसरली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, देशातील वाघांच्या अधिवासापैकी सुमारे ४० टक्के म्हणजे दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रात ती आहे. रानमोडीही अमेरिकेकडचीच, तिच्या मराठी नावातच तिची करणी आली आहे. गाजर गवताची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि 'काँग्रेस गवत' या नावाने ते घरोघरी ठाऊक झाले. शहरातील वाचकाला डोंगरवाटेवर मोहवणारी पिवळी-केशरी कॉसमॉसची फुलेही याच पंक्तीतील आहेत.

या वनस्पतींचे बळ त्यांच्या पसरण्याच्या रीतीत आहे. घाणेरीची फळे बुलबुल, साळुंकीसारखे पक्षी खातात आणि बी दूरवर टाकतात. रानमोडीचे बी वाऱ्यावर उडते. दोन्ही झुडपे तोडली तरी बुंध्यातून फुटतात. घाणेरीचा पाला जनावरांना विषारी असून त्याने यकृताला इजा होते. म्हणून गुरे आणि वन्यप्राणी तिला तोंड लावत नाहीत. आजूबाजूचे गवत चरले जाते, घाणेरी तेवढी उरते आणि वाढते. रानमोडी उन्हाळ्यात वाळते, वणव्याला इंधन पुरवते आणि आगीनंतर पहिल्या पावसात पुन्हा उभी राहते. देशी रोपांना मात्र त्या आगीतून सावरण्यास वेळ लागतो.

मोकळी जमीन कशी झाली?

परक्या झुडपांना घनदाट जंगलात सहसा शिरकाव मिळत नाही. अंजनी, जांभूळ, हिरडा यांची छत्री जेथे मिटलेली आहे, तेथे खाली ऊन पोचत नाही आणि घाणेरी तग धरत नाही. तिला हवी असते मोडलेली, उघडी पडलेली जमीन. कोयनेच्या खोऱ्यात अशी जमीन गेल्या सत्तर वर्षांत सातत्याने तयार झाली. १९५६ मध्ये धरणाचे काम सुरू झाले. शिवसागर जलाशयाने खोऱ्यातील सुपीक पट्टा पोटात घेतला आणि अनेक गावे उठली. काही कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत गेली, काही वर डोंगराकडे सरकली. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर आहे. या प्रवासात भाताची खाचरे पडीक झाली, उतारावरची कुमरी शेती थांबली, गवळी-धनगरांच्या गुरांच्या वाटा बदलल्या. दुसरीकडे रस्ते, वीजवाहिन्या, पर्यटकांची निवासस्थाने वाढली. जमिनीवरचा जुना हात सुटला आणि तेथे नवी व्यवस्था बसण्याआधीच झुडपे येऊन बसली, असे हे चित्र आहे.

येथेच एक नाजूक प्रश्न उभा राहतो. माणसाचा वावर थांबला की निसर्ग आपोआप सावरतो, या समजुतीवर आपले संरक्षणाचे धोरण बऱ्याच अंशी उभे आहे. कर्नाटकातील बिळिगिरीरंगाच्या डोंगरात सोलिगा आदिवासींनी याच समजुतीला आव्हान दिले. हंगामाच्या आरंभी पालापाचोळा हलकेच जाळण्याची त्यांची पूर्वापार रीत अभयारण्य झाल्यावर बंद झाली आणि त्यानंतर घाणेरी माजली, असे त्यांचे म्हणणे आहे. संशोधकांनीही ते गांभीर्याने तपासले. आपल्याकडे कास पठारावर चराई थांबवल्यानंतर फुलांऐवजी गवताचे प्राबल्य वाढले का, हा वाद झालाच. चराई आणि आग सर्वत्र मोकळी सोडावी, असा याचा अर्थ नाही. पण कोणत्या जमिनीवर कोणता वापर किती होता, हे तेथील माणसांना विचारल्याशिवाय ती जमीन पूर्ववत कशी करायची, हे कळणार नाही.

तोडणे सोपे, सांभाळणे कठीण

झुडपे काढण्याच्या मोहिमा ठिकठिकाणी होतात. स्वयंसेवक जमतात, कोयते चालतात, छायाचित्रे निघतात. दोन पावसाळ्यांनंतर तेथे पुन्हा तेच झुडूप दिसते. याचे कारण श्रमात नव्हे, पद्धतीत आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात विकसित केलेली रीत या दृष्टीने महत्त्वाची आहे. घाणेरीचे मुख्य मूळ जमिनीच्या तीन ते पाच सेंटिमीटर खाली कापायचे आणि झुडूप मुळे वर करून उलटे ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. पुढे पक्षी बसतात त्या झाडांखाली उगवणारी रोपे पावसाळ्यात उपटायची आणि मोकळ्या जागेत लगेच देशी गवताचे बी टाकायचे. यात महागडे यंत्र नाही, तणनाशक नाही. पण सलग काही वर्षे तीच जागा राखणारी माणसे लागतात.

जैविक उपायांची मर्यादाही ओळखायला हवी. घाणेरीवर सोडण्यासाठी १९४० च्या दशकात परदेशी कीटक आणले गेले. घाणेरी आजही आहे. गाजर गवतावर मेक्सिकोचा भुंगा १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडण्यात आला. काही ठिकाणी त्याचा उपयोग झाला, पण गवत हटले नाही. मलई महादेश्वराच्या डोंगरात घाणेरीच्या काड्यांपासून खुर्च्या, टोपल्या बनवण्याचा उद्योग उभा राहिला. त्याने हातांना काम दिले, ही मोठी गोष्ट आहे. तथापि झुडपाची उपयुक्तता वाढवणे म्हणजे त्याचे निर्मूलन नव्हे.

कोयनेची स्वतःची अडचण याहून वेगळी आहे. येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उतार तीव्र आहेत. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून झालेली जीवितहानी हा तालुका विसरलेला नाही. त्या दुर्घटनेचा झुडपांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु अशा उतारावर यंत्राने सरसकट झुडपे उपटून जमीन उघडी टाकली, तर माती धुपून जलाशयात जाणार हे उघड आहे. म्हणून येथे काम लहान लहान पट्ट्यांत, हातांनी आणि ऋतू पाहून व्हायला हवे. रानमोडी थंडीत फुलण्याआधी कापली पाहिजे. घाणेरी फळे धरण्याआधी. मोकळी झालेली जमीन पुढच्या पावसाआधी गवताने किंवा देशी झुडपांनी झाकली गेली पाहिजे.

मूळ रान म्हणजे कोणते?

झुडपे काढल्यावर काय लावायचे, हा खरा कळीचा प्रश्न आहे. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली. अशा मोहिमांत खड्डे आणि रोपांचे आकडे महत्त्वाचे ठरतात. त्याआधीच्या दशकांत गिरीपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ या झपाट्याने वाढणाऱ्या परक्या जातींवर भर राहिला. एक परके झुडूप काढून दुसरे परके झाड लावण्याला पुनर्स्थापना म्हणता येत नाही.

सह्याद्रीतील प्रत्येक मोकळी जागा ही झाडांची वाट पाहणारी जागाही नव्हे. येथील कातळसडे निसर्गतःच वृक्षहीन आहेत. पावसाळ्यात तेथे उमलणारी वनस्पतिसृष्टी जगात दुर्मिळ आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांचा समावेश झाला. सड्यावर खड्डे घेऊन रोपे लावणे म्हणजे त्या वारशावरच घाव. उतारावरची कारवी दाट असते, पण ती आपली आहे. तिला घाणेरीबरोबर कोयता लागता कामा नये. पडीक खाचरांत कोठे गवत राखायचे आणि कोठे जांभूळ, अंजनी, हिरड्याला वाढू द्यायचे, हे जागा पाहूनच ठरावे लागेल. जंगल शेजारी शाबूत असेल, तेथे पक्षी आणि वाराच बी आणतात. माणसाने फक्त झुडपे आणि वणवा दूर ठेवायचा.

पैसा आहे, हात कोणाचे?

या कामासाठी कायदा नाही किंवा निधी नाही, अशी स्थिती नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने परक्या आक्रमक जातींवर नियंत्रणाचे अधिकार केंद्र सरकारला दिले. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे झालेल्या जागतिक जैवविविधता करारात अशा जातींचा शिरकाव २०३० पर्यंत निम्म्याने घटवण्याचे उद्दिष्ट ठरले. भरपाई वनीकरणाचा निधी २०१६ च्या कायद्याने राज्यांकडे येतो. व्याघ्र प्रकल्पाशेजारच्या गावांसाठी राज्याची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून आहे. अडचण आहे ती हिशेबाच्या चौकटीची. निधी वर्षाचा असतो आणि मार्चमध्ये संपवावा लागतो. घाणेरीचे जमिनीतले बी मात्र अनेक वर्षे जिवंत राहते. पहिल्या वर्षी तोडणीचे देयक निघते, तिसऱ्या वर्षीच्या निंदणीला तरतूद नसते. मग पहिल्या वर्षाचा खर्चही वाया जातो.

दुसरी अडचण विश्वासाची आहे. धरणासाठी उठलेल्या माणसांचे प्रश्न अर्धशतक उलटल्यावरही सुटले नव्हते. म्हणूनच २०१८ मध्ये श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांना कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला. धरण झाले, अभयारण्य झाले, व्याघ्र प्रकल्प झाला. प्रत्येक वेळी 'जागा सोडा' असेच सांगितले गेले, ही भावना येथे खोल आहे. त्याच माणसांना चार दिवसांच्या मजुरीवर झुडपे तोडायला बोलावले, तर काम मजुरीपुरतेच राहील. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे संरक्षण आणि पुनरुज्जीवन करण्याचा हक्क गावाला दिला आहे. बिळिगिरीरंगाच्या व्याघ्र प्रकल्पात २०११ मध्ये सोलिगांना असे सामूहिक हक्क मिळालेही. व्याघ्र प्रकल्पाच्या बाह्य क्षेत्रातील गावांना ठरावीक पट्टे किमान पाच वर्षांसाठी सोपवून, मोबदला तोडलेल्या झुडपांवर नव्हे तर टिकलेल्या गवतावर आणि रोपांवर दिला, तर चित्र बदलू शकेल. चारा कापून नेण्याची मुभा आणि हिरड्याच्या संकलनाला संरक्षण मिळाले, तर रान राखण्यात गावाचा स्वार्थही राहील.

वाघिणीला चांदोलीत सोडण्याचा दिवस सर्वांनी साजरा केला. पडीक खाचरातील निंदणीच्या तिसऱ्या पावसाळ्याला मात्र कोणी छायाचित्रकार येणार नाही. सह्याद्रीतील वाघाचे भवितव्य त्या दुर्लक्षित पावसाळ्यांवरच अधिक अवलंबून आहे, हे शासनाने आणि वाघाच्या आगमनाने हरखलेल्या शहरवासीयांनी वेळीच ओळखलेले बरे.