डबीवर नाव नाही, साहेब

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांवर विकली जाणारी बिननावाची क्रीम

महोदय,

मालेगावात माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर काढताना गिऱ्हाइकाचा चेहरा हातभर अंतरावर असतो, त्यामुळे डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या मी पाहिल्यात तितक्या पार्लरवालीनेही पाहिल्या नसतील. शुक्रवारी माग बंद, म्हणजे दुकानात गर्दी. तुटलेला धागा शोधत आयुष्यभर डोळे बारीक केलेले कारागीर येतात, कांद्याच्या काढणीत उन्हाने रापलेल्या बायका येतात. त्यात चाळिशी लागलेली असते आणि चष्मा नको असतो. ‘चश्मे में बुढ्ढी दिखती मैं,’ म्हणत फ्रेम परत ठेवतात. मग सुई ओवताना डोळे आणखी बारीक, कोपऱ्यात आणखी रेघा, आणि त्या रेघांसाठी क्रीमचा शोध.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका बाईने पिशवीतून डबी काढली. पांढरी, प्लास्टिकची, पेढ्याएवढी. झाकणावर काही नाही, बुडाला काही नाही. आत पिवळसर मलम. पार्लरमधून घेतलेलं. आठ दिवसांत फरक पडला म्हणाली, आणि पडला असणारच. पण आता तिच्या डोळ्यांखाली बारीक लाल शिरांचं जाळं दिसत होतं. उन्हात गेलं की आग. लावायचं थांबवलं की सूज, म्हणून पुन्हा लावायचं. या लक्षणांवरून पहिला संशय स्टेरॉइडचा येतो. मी तिला चष्मा न देता आधी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ. तिथे महिनोन्महिने स्टेरॉइड चोळलं तर कातडी आणखी विरते, आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. सुरकुती घालवायला जाऊन नजर घालवायची!

त्या मलमात काय होतं ते मी सांगू शकत नाही. डबी बघून तुमचा निरीक्षकही सांगू शकणार नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. 2018 मध्ये केंद्राने स्टेरॉइडची चौदा मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. पण ती बंदी नाव असलेल्या ट्यूबला. बिननावाच्या डबीला कोण अडवणार? सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही.

अकोल्याचं प्रकरण आपल्याला आठवत असेल. 2023 च्या सुरुवातीला पेपरात आलं होतं. एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींना मूत्रपिंडाचा विकार. मुंबईच्या केईएममधून शोध लागला तेव्हा गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा निघाला. ती क्रीमही स्थानिक ब्युटिशियनकडूनच आलेली. आणि पाऱ्याबाबत आपले 2020 चे नियम वाचून मी चक्रावलो : इतर प्रसाधनांत दहा लाखांत 1 भाग चालतो, तर फक्त डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनांत 70. जिथे कातडी सर्वात नाजूक, तिथेच सूट सर्वात मोठी! नियम दिल्लीचे आहेत, ठाऊक आहे. पण दिल्लीला कळवण्याइतका आपला शब्द जड आहे.

मग लोकांनी करायचं काय? उपाय आहेत, पण झटपट नाहीत. टोपी, रुमाल, सनस्क्रीन, अतिनील किरण अडवणारा गॉगल आणि वेळेवर चाळिशी. (माझा धंदा आहे म्हणून सांगत नाही; रस्त्यावरचा नुसता काळ्या काचेचा गॉगल घेऊ नका, हेही मी सांगतोच.) त्वचारोगतज्ज्ञाने दिलेलं ट्रेटिनॉइन महिन्यांनी थोडा गुण देतं, पण डोळ्यांजवळ जपून, आणि गरोदरपणी नाहीच. बोटॉक्सची चौकशीही आता माझ्या काउंटरवर होते. त्याची गंमत म्हणजे सुरकुत्यांवरचा त्याचा उपयोग डोळ्यांच्याच डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आला : कॅनडातल्या जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आचक्यांवर ते देत होत्या, तेव्हा एका पेशंटच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. गुण तीन-चार महिन्यांचा. औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, आणि सुई डॉक्टरच्याच हातात हवी. पार्लरच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ठेवायची ती वस्तू नव्हे. रेघा पुसून टाकणारं मलम मात्र मी आजवर पाहिलेलं नाही.

आता मागणी. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातलं कलम 26 साध्या गिऱ्हाइकालाही ठरलेली फी भरून विकत घेतलेलं प्रसाधन सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ देतं. हे इथे कुणाला माहीत नाही. माहीत झालं तरी मागावरची बाई रोज बुडवून शंभर किलोमीटरवर नाशिकला जाणार नाही. तेव्हा महिन्यातून एक शुक्रवार आपला माणूस मालेगावात बसवा, नमुने घ्या, निकाल मराठीत आणि उर्दूत लावा.

ती बाई डबी माझ्याकडेच ठेवून गेली आहे. ड्रॉवरमध्ये आहे. पहिल्या शुक्रवारी पहिला नमुना तिचा, आणि फी मी भरीन.

आपला,
मालेगावचा एक चष्मेवाला