विवाहाच्या हक्काला कात्रजचा घाट

१६६३ साली लाल महालातील छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पेटते पलिते बांधून मोगली फौजेला भलत्याच दिशेने धावावयास लावल्याची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. ‘कात्रजचा घाट दाखविणे’ हा वाक्प्रचार तिच्यातूनच रूढ झाला. आज त्याच घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या कात्रजच्या तरुणांपुढे नवे पलिते नाचविले जात आहेत. ते आहेत परदेशी पदव्यांचे. विद्यार्थी जोवर शुल्क भरतो, तोवर त्याचे स्वागत होते. त्याने तेथेच कोणाशी विवाह करून संसार मांडावयाचे म्हटले, विद्यार्थी व्हिसाऐवजी जोडीदाराचा व्हिसा मागितला, की पलिते विझतात आणि समोर उभा राहतो तो दरपत्रकाचा आणि संशयाचा घाट.

हा सुखवस्तूंचा प्रश्न आहे, कष्टकऱ्यांच्या पक्षाला त्याच्याशी काय कर्तव्य, असे काही कार्यकर्ते म्हणतील. हा समज तपासून पाहिला पाहिजे. परदेशी शिकावयास आता केवळ बंगलेवाल्यांचीच मुले जात नाहीत. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांवरील कर्जाला तारण लागते, आणि मध्यम व कनिष्ठ उत्पन्नाच्या घरात तारण म्हणजे राहते घर किंवा गावाकडची जमीन. अशा घरातला मुलगा वा मुलगी परदेशी जाते तेव्हा तिच्या खांद्यावर सगळ्या कुटुंबाचे देणे असते. तिला परत पाठविण्याची धमकी ही त्या घराच्या तारणालाच दिलेली धमकी होय.

ब्रिटनचेच उदाहरण घ्यावे. तेथील नागरिकाशी वा कायम रहिवाशाशी विवाह केलेल्या विद्यार्थ्याला देश न सोडता जोडीदाराच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. कागदावर ही सवलत उदार दिसते. मेख आहे ती उत्पन्नाच्या अटीत. जुलै २०१२ मध्ये ही अट वर्षाला १८,६०० पौंडांची होती; ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड करण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये त्याच सरकारने ठरविलेले किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स होते. आठवड्याला चाळीस तासांप्रमाणे बावन्न आठवडे राबणाऱ्या कामगाराच्या हाती त्या दराने सुमारे २५,४०० पौंड येतात. म्हणजे जे वेतन सरकार स्वतः कायदेशीर ठरविते, त्या वेतनावर जगणाऱ्या कामगाराला परदेशी जोडीदारासह संसार करण्यास तेच सरकार अपात्र ठरविते! अर्जदाराची ब्रिटनमधील कायदेशीर कमाई हिशेबात धरता येते हे खरे. परंतु पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करण्यास मनाई आहे. हात बांधावयाचे आणि पोहून दाखव म्हणावयाचे, असा हा न्याय आहे. त्यावर अर्जाचे शुल्क वेगळे आणि आरोग्यसेवेचा अधिभार वेगळा. हा अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड झाला. ऑस्ट्रेलियाने तर जुलै २०२५ मध्ये जोडीदार व्हिसाच्या अर्जाचे शुल्क ९,३६५ डॉलर, म्हणजे पाच लाख रुपयांहून अधिक केले.

या अटींचे समर्थक म्हणतात की व्हिसासाठी खोटी लग्ने होतात. होतात, आणि ती उघडकीस आणून शिक्षा करण्यास कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. परंतु उत्पन्नाच्या अटीने खोटे लग्न कसे ओळखता येते? श्रीमंताचे खोटे लग्न या चाळणीतून सहज उतरते आणि गरिबाचे खरे लग्न तिच्यात अडकते. २०१७ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने या अटीमुळे अनेक कुटुंबांचे हाल होतात हे मान्य केले, मुलांच्या हिताकडे नियमांनी पुरेसे पाहिले नाही असे बजावले, आणि तरीही तत्त्वतः अट कायदेशीर ठरविली. जी गोष्ट कायदेशीर ती न्याय्यच, असे समाजवाद्यांनी कधी मानलेले नाही.

संशयाची ही परंपरा जुनी आहे. १९७९ च्या जानेवारीत लग्नासाठी लंडनला आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर ‘कौमार्य तपासणी’ करण्यात आली. त्या विटंबनेचा बोभाटा झाल्यावरच ती प्रथा बंद पडली. पुढे १९८३ पासून १९९७ पर्यंत, विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये राहणे हा नव्हता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच टाकणारा नियम होता. तपासणी गेली, नियम गेला. नजर मात्र तीच राहिली. आज ऑस्ट्रेलियातील अर्जदाराला सामाईक बँक खाते, घरखर्चाची बिले, छायाचित्रे आणि मित्रांची निवेदने देऊन आपल्या सहजीवनाचा पुरावा मांडावा लागतो. एका खोलीत चौघे राहून दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावावर भाड्याचा करारही नसतो, मग बिले कोठून येणार?

सर्वांत मोठी किंमत मोजते ती स्त्री. जोडीदाराच्या व्हिसावर राहणाऱ्या स्त्रीचे त्या देशातील अस्तित्व पतीच्या शब्दावर टांगलेले असते. हिंसाचाराला बळी पडलेल्या पत्नीसाठी ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांत तरतुदी आहेत. परंतु भाषा, पैसा आणि ओळखीपाळखी यांवाचून एकट्या पडलेल्या स्त्रीला त्या माहीत तरी कशा व्हाव्यात? ‘परत पाठवीन’ हे एक वाक्य नवऱ्याच्या हाती चाबकासारखे राहते.

कात्रजचा घाट ओलांडून साताऱ्याकडे गेले की पुढे उसाचा मुलूख लागतो. तेथील ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचल जोडीवर मिळते. साखरेच्या भांडवलाला जोडपे हवे, कारण दोघांच्या घामावाचून फड उरकत नाही. उलट ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून नव्याने येणाऱ्या, संशोधनेतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुले सोबत आणण्यास बंदी केली. तेथे शुल्क हवे, कुटुंब नको. एकीकडे जोडप्याला जुंपणे आणि दुसरीकडे जोडप्याला तोडणे या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. माणसांनी एकत्र केव्हा राहावे, हे तिच्यात नफाच ठरवितो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील सोळावे कलम विवाहाचा हक्क आणि कुटुंबाला संरक्षण यांची ग्वाही देते. त्या कलमात उत्पन्नाची अट नाही.

परक्यांना दोष देताना घरच्या सरकारलाही मोकळे सोडता येणार नाही. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ‘ओव्हरसीज सिटिझन’ म्हणून नोंदणी मागण्यापूर्वी विवाहाची दोन वर्षे पूर्ण करावी लागतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांची जाहीर नोटीस आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांच्या मागे गुंड लावण्याचे साधन ठरते. आपल्याच तरुणांच्या विवाहाकडे संशयाने पाहणाऱ्या सरकारला लंडनमध्ये त्यांची बाजू मांडण्याचे नैतिक बळ कोठून येणार?

कार्यकर्त्यांनी यासाठी तीन मागण्या हाती घ्याव्यात. पहिली, भारत सरकारने व्यापाराच्या वाटाघाटींत विद्यार्थ्यांच्या आणि कामगारांच्या कौटुंबिक हक्काचा प्रश्न मालाच्या जकातीइतक्याच आग्रहाने मांडावा. दुसरी, १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या दलालांना नोंदणी सक्तीची केली, पण विद्यार्थी पाठविणारे सल्लागार त्यातून सुटले; पंजाबने २०१२ मध्ये अशा सल्लागारांना परवान्याच्या कक्षेत आणणारा कायदा केला, तशी सक्ती महाराष्ट्रातही हवी. तिसरी, परदेशी निघालेल्या प्रत्येक मुलीला तिचे हक्क मराठीत सांगणारे विनामूल्य कायदा-साहाय्य केंद्र शहरातील विद्यापीठांनी चालवावे. या तिसऱ्या कामासाठी सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. कात्रजमधील पक्षाच्या शाखेने एक खोली, एक वकील आणि आठवड्याची एक संध्याकाळ एवढ्यावर ते उद्या सुरू करावे.