ट्रक एक, पाट्या दोन

अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा पिकअप ट्रक कोणाचा? फोर्ड कंपनी म्हणते, आमचा. १९७७ पासून आमच्या एफ-मालिकेने पहिला नंबर सोडलेला नाही. जनरल मोटर्स म्हणते, मोठ्या पिकअपच्या बाजारात पहिले आम्ही. गंमत अशी की दोघांचेही आकडे खरे आहेत. खोटे कोणीच बोलत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण शेतकरी भावांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

जनरल मोटर्स एकच ट्रक दोन नावांनी विकते: शेवरले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा. सांगाडा तोच, इंजिने तीच. इंडियाना राज्यात फोर्ट वेनच्या कारखान्यात दोन्ही शेजारी शेजारी तयार होतात. फरक तोंडवळ्याचा, आतल्या सजावटीचा आणि अर्थातच किमतीचा. २०२३ साली अमेरिकेत एफ-मालिकेच्या सुमारे साडेसात लाख गाड्या खपल्या. सिल्व्हराडो साडेपाच लाख, सिएरा तीन लाखांना थोड्या कमी. वेगवेगळे मोजा, फोर्ड पहिला. बेरीज करा, साडेआठ लाखांच्या घरात जाते आणि फोर्ड दुसरा!

माल एकच तर बेरीज झालीच पाहिजे, असे कोणी म्हणेल. ठीक. मग एफ-मालिका तरी एक ट्रक आहे काय? हलका एफ-१५० डिअरबॉर्न आणि कॅन्सस सिटीत बनतो. एफ-२५० पासून पुढचे सुपर ड्यूटी ट्रक वेगळ्या, भारी सांगाड्यावर, प्रामुख्याने केंटकीत बनतात. हिशेबात मात्र सगळे एका ओळीत. सिल्व्हराडोतही हलके-भारी असेच एकत्र धरतात. म्हणजे गणती ट्रकची नाही, पाटीची होते.

मग जनरल मोटर्स एक पाटी उतरवून का टाकत नाही? कारण सिएराची पाटी पाहून गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते. पहिला नंबर गेला तरी चालेल, तो पैसा कोण सोडणार?

आता घरचे बघा. २०१८ साली केंद्र सरकारने खर्चाच्या दीडपट हमीभाव जाहीर केला. संकरित ज्वारीचा खर्च क्विंटलला १६१९ रुपये धरला, भाव २४३० दिला. दीडपट झाली, गणित चोख! पण त्या खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड नाही, स्वतःच्या भांडवलाचे व्याज नाही. ते दोन्ही धरून काढलेला सी-२ खर्च कृषी मूल्य आयोगाच्या त्याच अहवालात छापलेला असतो. भाषणात कोणता आकडा येतो, ते आपण ऐकतोच.

खरिपाचा अहवाल आम्ही जिल्हा बैठकीत टेबलावर ठेवणार आहोत. ज्वारीची आणि कापसाची पाने काढून ठेवली आहेत. येताना प्रत्येकाने आपला एकरी खर्च, खंड आणि व्याजासकट, कागदावर मांडून आणावा.