विद्यापीठाचा आवाज कुंपणापलीकडे

२०१६ च्या जानेवारीअखेर देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि चेंबूर, गोवंडी, मानखुर्द या भागांवर अनेक दिवस धुराचे सावट राहिले. महानगरपालिकेला त्या परिसरातील आपल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेथील नागरिकांपुढे त्या दिवसांत अगदी साधे प्रश्न होते. मुलांना घराबाहेर पाठवावे की नाही? दम्याच्या रोग्याला हा धूर कितपत घातक? वारा उद्या कोणत्या दिशेने वाहील? शाळा पुन्हा केव्हा उघडेल? या प्रश्नांचा विचार करू शकणारी माणसे फार दूर नव्हती. देवनारलाच टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून उभी आहे आणि १९६४ पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ज्ञान होते आणि त्याची निकडही होती. परंतु या दोहोंना जोडणारी रोजच्या वहिवाटीची वाट नव्हती.

ही वाट बांधण्याचे एक साधन जगाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. ते म्हणजे विद्यापीठाने स्वतः चालविलेले नभोवाणी केंद्र. त्याचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. ज्या केंद्रांपाशी आपल्या आसपासच्या लोकांना सांगण्यासारखे काही होते ती तगली, आणि जी केवळ हौस म्हणून किंवा संस्थेचे भूषण म्हणून निघाली ती मावळली.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील पदार्थविज्ञान विभागात प्रा. अर्ल टेरी आणि त्यांचे विद्यार्थी पहिल्या महायुद्धाच्या काळात बिनतारी प्रक्षेपणाचे प्रयोग करीत होते. प्रयोगशाळेतील यंत्राचा पहिला नियमित उपयोग त्यांनी कशासाठी केला? १९१६ च्या अखेरीपासून त्यांनी रोजचे हवामानवृत्त तारायंत्राच्या कडकट्ट भाषेत प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला, कारण त्या राज्यातील शेतकऱ्याला त्याची गरज होती. पुढे यंत्रातून मानवी आवाज जाऊ लागला, १९२२ मध्ये केंद्राला रीतसर परवाना मिळाला आणि १९३१ पासून खेड्यापाड्यांतील शाळांसाठी त्यावरून पाठ सुरू झाले. हे केंद्र टिकले.

सर्वांचेच नशीब असे नव्हते. १९२१ ते १९३६ या काळात अमेरिकेतील शिक्षणसंस्थांना नभोवाणीचे २०२ परवाने मिळाले. त्यांपैकी १९३६ अखेर अवघे ३८ शिल्लक राहिले. याचा सगळा दोष संस्थांच्या माथी मारता येणार नाही. व्यापारी कंपन्यांना त्याच ध्वनिलहरी हव्या होत्या. विद्यापीठांच्या वाट्याला दिवसाच्या गैरसोयीच्या वेळा आल्या, आणि आपला हक्क राखण्यासाठी त्यांना वॉशिंग्टनला खेटे घालावे लागले. तेव्हा तेथील शिक्षणप्रेमी मंडळींनी चिकाटीने लढा दिला. त्याचे फळ म्हणून १९४५ मध्ये एफएम पट्ट्याचा एक भाग अव्यापारी शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवण्यात आला. १९५२ मध्ये दूरचित्रवाणीच्या २४२ वाहिन्या शिक्षणासाठी राखीव झाल्या, आणि पुढल्याच वर्षी, मे १९५३ मध्ये, ह्यूस्टन विद्यापीठाचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. आधी लोकोपयोग, मग हक्कासाठी झगडा आणि नंतर कायद्याचे संरक्षण, असा हा क्रम आहे.

भारतात हा क्रम उलटा झाला. वास्तविक आपला आरंभ काही वाईट नव्हता. मुंबईत १९२३ मध्येच रेडिओ क्लबने प्रक्षेपणाचे प्रयोग केले होते आणि १९२७ मध्ये येथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी तर १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरातून अवघ्या ३० वॅटच्या यंत्रावर केंद्र चालविले. त्या केंद्राचे नाव ‘आकाशवाणी’. हेच नाव पुढे देशाच्या सरकारी नभोवाणीने धारण केले. एका प्राध्यापकाच्या हौशी उपक्रमाने राष्ट्राला शब्द दिला. पण प्राध्यापकाने स्वतःच्या आवाजात बोलण्याची परंपरा मात्र रुजली नाही. १८८५ च्या तारायंत्र कायद्याचा आधार घेऊन स्वातंत्र्यानंतरही शासनाने प्रक्षेपणाची मक्तेदारी आपल्याच हाती ठेवली. विद्वानाने आकाशवाणीवर जावे, नेमून दिलेल्या मिनिटांत भाषण वाचावे, मानधन घ्यावे आणि परतावे, एवढाच विद्यापीठाचा आणि नभोवाणीचा संबंध उरला.

दूरचित्रवाणीच्या बाबतीतही फारसे निराळे घडले नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उपक्रम सुरू केला. आयोगाच्या अध्यक्षा तेव्हा मुंबईच्याच डॉ. माधुरीबेन शाह होत्या. पुणे विद्यापीठासह काही निवडक ठिकाणी त्यासाठी निर्मितिकेंद्रे उभी राहिली, आणि त्यांतून झालेले काही कार्यक्रम खरोखर दर्जेदार होते. परंतु ते बहुतांशी इंग्रजीत असत. परभणी वा सावंतवाडीच्या महाविद्यालयातील मराठी विद्यार्थ्याला ते कितपत पचत, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. शिवाय प्रक्षेपणाची कळ दिल्लीतच होती. विद्यापीठ चित्रफीत तयार करी, बोलत असे ते दूरदर्शन. २०१७ मध्ये आलेल्या ‘स्वयंप्रभा’ने ३२ शैक्षणिक वाहिन्या एकदम सुरू केल्या. वाहिन्यांची संख्या वाढली, तरी एका केंद्रस्थानाहून साऱ्या देशाला शिकविण्याची दृष्टी तीच राहिली.

या मक्तेदारीला पहिला तडा गेला तो ९ फेब्रुवारी १९९५ रोजी. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी दिला. तथापि शिक्षणसंस्थांना स्वतःचे नभोवाणी केंद्र काढण्यास मुभा देणारे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले ते डिसेंबर २००२ मध्ये, म्हणजे त्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी. त्याअन्वये १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. २००५ मध्ये पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आली. २००६ च्या अखेरीस स्वयंसेवी संस्थांनाही ही मुभा मिळाली. २००८ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातून केंद्र सुरू झाले. विस्कॉन्सिनच्या परवान्यानंतर आपल्या राज्यातील विद्यापीठाला स्वतःच्या आवाजात बोलण्यासाठी आठ दशकांहून अधिक काळ थांबावे लागले, असा याचा अर्थ.

उशिरा मिळालेल्या या अधिकाराला एक मोठी गाठ मारलेली आहे. या केंद्रांना स्वतः बातम्या देण्यास आणि चालू घडामोडींवर कार्यक्रम करण्यास मनाई आहे. आकाशवाणीची वार्तापत्रे पुन्हा प्रसारित करण्याची सवलत तेवढी पुढे मिळाली. विद्यार्थ्याने वृत्तपत्र काढले तर चालते, प्राध्यापकाने अग्रलेख लिहिला तर चालतो. परंतु तोच मजकूर त्याच संस्थेच्या ध्वनिक्षेपकावरून वाचला तर तो नियमभंग ठरतो. या मनाईमागे सुव्यवस्थेची चिंता आहे, असे सांगितले जाते. पण अफवा पसरविण्यास आज नभोवाणीची गरज कोणाला राहिली आहे? ती हातातल्या भ्रमणध्वनीवरून क्षणात गावभर होते आणि तिचा कर्ता कोण हे कळतही नाही. विद्यापीठाच्या केंद्राला मात्र पत्ता असतो, परवाना असतो, कुलगुरूंपर्यंत पोचणारी जबाबदारी असते. ज्याला जाब विचारता येतो त्याचे तोंड बांधावयाचे आणि ज्याला विचारता येत नाही त्याला मोकाट सोडावयाचे, ही रीत शहाणपणाची नव्हे.

सर्व दोष सरकारच्या पदरात टाकून विद्यापीठांना मोकळे होता येणार नाही. नियमांच्या चौकटीतही पुष्कळ करण्याजोगे आहे. या केंद्रांची प्रक्षेपणशक्ती साधारण १०० वॅट आणि पल्ला पाच ते दहा किलोमीटर. याला मर्यादा म्हणण्याऐवजी सोय म्हणावे. चेंबूरला मध्य कल्पून एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांपासून कुर्ल्याच्या चाळींपर्यंत, देवनारच्या कचराभूमीपासून घाटकोपरच्या टेकडीवरील वस्त्यांपर्यंत एक संपूर्ण नगर सामावते. येथे रात्रशाळेत शिकणारा कामगार आहे, दहावीच्या परीक्षेला बसणारी पहिल्या पिढीतील मुलगी आहे, क्षयरोगाचे औषध मध्येच सोडणारा रोगी आहे. त्यांच्यासाठी कार्यक्रम करावयास वार्तापत्राची परवानगी लागत नाही. लागते ती त्यांच्या दारी जाऊन त्यांचा आवाज टिपून आणण्याची तयारी. केंद्र जर प्रामुख्याने स्नेहसंमेलने, पाहुण्यांची भाषणे आणि प्रवेशाच्या सूचना यांतच रमले, तर भिंतीबाहेरच्या माणसाने ते का ऐकावे?

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला पैशाचा. तो खरा आहे. केंद्राचे यंत्र एकदा विकत घेता येते, पण ते चालविणाऱ्या माणसांचा पगार दरमहा द्यावा लागतो. जाहिरातींसाठी ताशी १२ मिनिटांची मुभा २०२४ मध्ये मिळाली असली, तरी गोवंडीच्या श्रोत्यासाठी जाहिरातदार रांग लावतील असे मानणे भाबडेपणाचे होईल. ग्रंथालयाप्रमाणेच नभोवाणी केंद्रालाही विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात कायमचे स्थान दिले पाहिजे. ग्रंथालयाने नफा मिळवावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही. दुसरा आक्षेप असा की, आता नभोवाणी ऐकतो कोण? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, वीज गेली आणि दूरध्वनी मुके झाले. त्या रात्रीचा अनुभव आठवला तर बॅटरीवर चालणाऱ्या साध्या संचाची किंमत पटावी. परंतु खरे उत्तर याहून निराळे आहे. लोक साधन पाहून ऐकत नाहीत. आपल्याविषयी कोणी बोलत असेल तर ऐकतात.

तेव्हा मागण्या दोन आहेत आणि त्या दोन निरनिराळ्या दारांवर नेल्या पाहिजेत. केंद्र सरकारने किमान विद्यापीठांच्या केंद्रांना, संपादकीय जबाबदारी निश्चित करून, आपल्या पल्ल्यातील स्थानिक बातम्या देण्याची परवानगी द्यावी. पाणी कधी येणार, धूर कोठून येतो, पालिकेच्या प्रभाग समितीत कालच्या बैठकीत काय ठरले, हे सांगण्याने राज्य बुडत नाही. विद्यापीठांनी मात्र त्या परवानगीची वाट पाहत बसू नये. केंद्रावरील निम्मी वेळ कुंपणाबाहेरच्या लोकांच्या आवाजासाठी राखून ठेवण्याचा ठराव करण्यास दिल्लीची संमती लागत नाही. विद्यापीठे ज्या करांवर चालतात ते कर कचराभूमीच्या छायेत राहणारा माणूसही साबणापासून काडेपेटीपर्यंतच्या खरेदीतून भरीत आला आहे. त्याच्या प्रश्नाला त्याच्या भाषेत उत्तर देणे हा विद्यापीठाने त्याच्यावर केलेला उपकार ठरत नाही. ती जुनी देणी आहेत.