नर्सिंग की फिजिशियन असिस्टंट? फी भरण्याआधी एवढं बघा

बारावी सायन्स झालेल्या पोरांच्या मोबाईलवर सध्या 'फिजिशियन असिस्टंट'च्या जाहिराती येतायत. कोर्स खोटा नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या पेशाचं नाव आहे. डॉक्टरच्या हाताखाली रुग्णाची माहिती घेणं, रिपोर्ट बघणं, ऑपरेशनला मदत करणं, असं काम. पण नोकऱ्या बहुतेक शहरातल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलात.

बीएस्सी नर्सिंगही चार वर्षांचंच. मात्र त्यानंतर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते, सरकारी भरतीत अधिपरिचारिकेची जागा असते. आपल्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमध्येही सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेले नर्सिंगवाले आहेत. ते पद कंत्राटी, हेही ध्यानात ठेवा. तरी गावाजवळ राहायचं असेल तर नर्सिंगच बरं. मुलांनीसुद्धा, लाजायचं काय त्यात?

आणि 'नर्स प्रॅक्टिशनर' आपल्याकडे बारावीनंतर थेट होता येत नाही. आधी नर्सिंग, मग अनुभव, मग क्रिटिकल केअरचा दोन वर्षांचा कोर्स. थेट प्रवेश देतो म्हणणाऱ्या एजंटाला कॉलेजच्या मान्यतेचं पत्र मागा. ते हातात येईपर्यंत शेतावर कर्ज काढू नका.