सर, हे परीक्षेला आहे?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. शुद्धलेखन मैत्रिणीने तपासलंय, विचार मात्र माझेच आहेत!

मागच्या सेमला थिअरी ऑफ मशीन्सच्या तासाला सर कोरिऑलिस शिकवत होते. मध्येच त्यांनी फळ्यावर सूर्य काढला, गुरू काढला आणि दोघांपासून सारख्या अंतरावर एक ठिपका दिला. "समभुज त्रिकोण झाला. हा ठिपका इथेच टिकून राहतो. का?" पहिल्या बेंचवरून मी विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे?" वर्ग हसला. सर काहीच बोलले नाहीत. फळा पुसला आणि पुढचं गणित घेतलं.

पेपर बरा गेला. पण तो पुसलेला त्रिकोण काही डोक्यातून जाईना. शेवटी लायब्ररी गाठली.

हा त्रिकोण लाग्रांजने 1772 मध्ये मांडला. आकाशात तेव्हा असं काहीच दिसलेलं नव्हतं, नुसतं गणित होतं. मग 1906 मध्ये हायडेलबर्गला माक्स वोल्फला फोटोच्या काचेवर एक लघुग्रह सापडला. तो गुरूच्याच कक्षेत, गुरूच्या 60 अंश पुढे चालत होता. त्याचं नाव ठेवलं अकिलीस. आज गुरूच्या पुढेमागे असे दहा हजारांहून जास्त 'ट्रोजन' लघुग्रह माहीत आहेत. आपल्या पृथ्वीलाही असे दोन सोबती सापडलेत.

मला वाटलं होतं, वाटीत गोटी बसावी तसे ते तिथे बसलेले असतील. छे! सूर्य-गुरूबरोबर फिरत पाहिलं, तर ती जागा म्हणजे टेकडीचा माथा. वस्तू घसरते, पण घसरता घसरता कोरिऑलिस तिला वळवतो आणि ती त्या जागेभोवतीच घुटमळत राहते. अट एकच, सूर्य गुरूच्या साधारण 25 पटींहून जड हवा. तो हजार पटींहून जड आहे! आपलं आदित्य यान जानेवारी 2024 मध्ये ज्या एल-वनपाशी पोचलं, तिथे ही सोय नाही. तिथे यानाला अधूनमधून इंधन खर्चून सावरावं लागतं.

आणि आम्हाला कोरिऑलिस ठाऊक होता तो फक्त क्विक रिटर्न मेकॅनिझमपुरता!

सिलॅबस सोडा असं मी म्हणत नाहीये. के.टी. लागली की घरी उत्तर मलाच द्यावं लागतं. पण मित्रांनो, लाग्रांजचं उत्तर 134 वर्षं तयार होतं, प्रश्नपत्रिका नंतर आली. त्याला कोणी विचारलं असतं, "हे परीक्षेला आहे?", तर तो काय म्हणाला असता?

सरांना एवढंच सांगायचंय. सॉरी सर. पुढच्या वेळी कोणी असं विचारलंच, तर खुशाल "नाही" म्हणा. पण फळा पुसू नका.