फुकटचे विमान आणि कामगाराचा हक्क

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मालकाने कामगारांना आपल्या छोट्या विमानातून एक दिवसाच्या सहलीला नेले, तर कौतुकच होईल. पण अपघात झाला तर? २८ जून २०१८ रोजी घाटकोपरला चाचणी उड्डाणावरचे छोटे विमान कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी, असे पाच जीव गेले.

१९७२ चा हवाई वाहतूक कायदा भाडे भरलेल्या, अथवा विमान कंपनीने फुकट नेलेल्या प्रवाशाला संरक्षण देतो. खासगी मालकाच्या फुकट फेरीला नाही. उरते कामगार भरपाई. १९२३ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. पण प्रश्न तोच राहिला: सहल हे काम होते काय?

म्हणून कामगार बंधू-भगिनींनो, सहल कामाचाच भाग असल्याचे आधी लेखी घ्या, विम्याचा कागद पाहा. मालकाची मेहेरबानी वारसांच्या कामी येत नाही, हक्क येतो.